अर्ल ऑफ लेस्टर घरी कधी जायचा?

एका तरुण नाटककाराने विचारलं आहे: "पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातल्या बड्या सरदाराचं खासगी आयुष्य मला रंगमंचावर आणायचं आहे. पण पुस्तकांत सगळीकडे दरबार, लढाया आणि कारस्थानं. हा माणूस घरी जायचा कधी, बायकोशी बोलायचा कधी? आणि रॉबर्ट डडली, म्हणजे अर्ल ऑफ लेस्टर, याने पहिल्या बायकोला मारलं हे खरं का?"

माझं आयुष्य जुने जमाखर्च वाचण्यात गेलं. आधी मोडीतले, पुढे त्या काळच्या इंग्रजी वळणातले. म्हणून उत्तर त्याच वाटेने देतो, आणि लेस्टरपुरतंच देतो. त्याच्या घरखर्चाचे दोन काळांतले हिशेब वाचले आहेत, एक १५५८ ते १५६१ चे आणि दुसरे १५८४ ते १५८६ चे. शिवाय पत्रं आहेत, मृत्युपत्र आहे, कोर्टातल्या जबान्या आहेत. दरबारातल्या दुसऱ्या फार थोड्या सरदारांच्या घरात इतक्या दारांनी शिरता येतं.

आधी 'खासगी' हा शब्द घेऊ. आपल्याकडे होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत हे दोन वेगळे हिशेब होते. दौलत राज्याची, खासगी राणीच्या हातची. अहिल्याबाईंनी घाट आणि मंदिरं बांधली ती खासगीतून. इंग्लंडच्या दरबारातही हाच अर्थ देणारा 'प्रिव्ही' हा शब्द जागोजागी सापडतो: प्रिव्ही चेंबर, प्रिव्ही पर्स, प्रिव्ही कौन्सिल. पण तिथे खासगी म्हणजे राणीची खासगी. सरदाराला स्वतःची अशी खासगी जागा जवळजवळ नव्हतीच. राणीच्या खासगीत त्याला किती आत जाता येतं, कुठल्या दारापाशी थांबवलं जातं, यावर त्याची किंमत ठरायची. तुमच्या नाटकाचा नकाशा इथून काढा: पहारेकऱ्यांची खोली, मग भेटीगाठींचा दिवाणखाना, मग प्रिव्ही चेंबर आणि अगदी आत शयनकक्ष.

१७ नोव्हेंबर १५५८ ला एलिझाबेथ गादीवर आली आणि लगेच डडली राणीच्या पागेचा प्रमुख झाला. हे पद नुसतं मानाचं नव्हतं. राणी घोड्यावर बसेल तेव्हा तो सोबत असणार, दरबार व्हाइटहॉलहून ग्रीनिचला, रिचमंडला किंवा विंडसरला हलला की त्याने हलायचं, उन्हाळ्यात राणी दौऱ्यावर निघाली की पुन्हा तेच. राजवाड्यात त्याला राहायला खोल्या होत्या. पण बायकोला? दरबारात जिची स्वतःची नेमणूक नाही, अशा सरदारपत्नीला तिथे कायमचं राहण्याचा हक्क नसे. म्हणजे ज्या दिवशी डडलीचं नशीब उघडलं, त्याच दिवशी तो संसारातून उठला.

आणि खोलीत तरी एकटेपणा होता का? नव्हता. मोठ्या माणसाच्या खोलीत रात्री चाकर झोपत असे. १५६२ च्या ऑक्टोबरात राणी देवीच्या रोगाने मरणाच्या दारात होती. स्पॅनिश वकिलाने कळवलेल्या हकिकतीनुसार, आपल्यामागे डडलीला राज्याचा रक्षक नेमावं आणि वर्षाला वीस हजार पौंड द्यावेत, असं तिने सांगितलं. आपल्या दोघांत अनुचित काही घडलं नाही अशी देवाची शपथही तिने घेतली. त्याच श्वासात तिने डडलीच्या खोलीत झोपणाऱ्या टॅमवर्थ नावाच्या चाकराला वर्षाला पाचशे पौंड द्यायला सांगितलं. या शेवटच्या कलमाचे लोकांनी नाही नाही ते अर्थ लावले. मला त्यात एवढंच स्पष्ट दिसतं की सरदाराचं गुपित राखणारा माणूस कोण, हे राणीला पक्कं ठाऊक होतं. नाटकात हा टॅमवर्थ हवाच.

(त्या आजारात राणीची सेवा केली ती डडलीच्या बहिणीने, मेरी सिडनीने. राणी बरी झाली. मेरीला तोच रोग झाला आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. कवी फिलिप सिडनी हा तिचा मुलगा. तिच्यावर स्वतंत्र नाटक लिहायला हवं.)

आता एमी. एमी रॉबसार्ट ही नॉरफकमधल्या जमीनदाराची मुलगी. ४ जून १५५० ला शीनच्या राजवाड्यात तिचं डडलीशी लग्न झालं, तेव्हा दोघंही अठराच्या आसपास होती. बालराजा सहावा एडवर्ड लग्नाला हजर होता आणि त्याने रोजनिशीत नोंद केली. पण नोंदीत नवरीपेक्षा हंसच लक्षात राहतो: दोन खांबांच्या मधे जिवंत हंस टांगला होता आणि त्याचं डोकं आधी कोण तोडतो यावर तरुण सरदारांची चढाओढ लागली होती.

तीन वर्षांत सगळं उलटलं. एडवर्ड वारला. डडलीच्या बापाने लेडी जेन ग्रेला गादीवर बसवण्याचा डाव टाकला, तो फसला आणि त्याचं डोकं उडालं. पुढे भाऊ गिल्डफर्ड आणि त्याची बायको जेन यांचंही. आजोबा एडमंड तर १५१० मध्येच त्याच वाटेने गेले होते. रॉबर्ट आणि त्याचे भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. तिथल्या बोशां बुरुजाच्या भिंतीवर थोरल्या भावाने कोरलेलं घराण्याचं चिन्ह आजही आहे. अस्वल, काठी, आणि भोवती चार भावांच्या नावांच्या खुणा म्हणून पानंफुलं. रॉबर्टची खूण ओकची पानं. कैदेत एमीला नवऱ्याला भेटायची परवानगी मिळाली होती. पुढे राणीच्या राज्यात, नवरा वैभवाच्या शिखरावर असताना, तिला तो त्याहून फार भेटला असं हिशेबांवरून दिसत नाही.

हिशेब काय सांगतात? एमीला स्वतःचं घर नव्हतं. ती नवऱ्याच्या ओळखीच्या लोकांच्या घरी, स्वतःची माणसं घेऊन, पाहुणी म्हणून राहायची. आधी हार्टफर्डशरमध्ये हाइड कुटुंबाकडे, शेवटी ऑक्सफर्डजवळ कम्नर प्लेस इथे. १५५९ च्या ईस्टरला डडली तिला भेटून आला. त्यानंतर ती महिनाभर लंडनकडे येऊन गेली. त्यापुढच्या कागदांत दोघांच्या भेटीची नोंद नाही. नोंदी आहेत त्या पाठवलेल्या वस्तूंच्या. मसाले, हरणाचं मांस, शिवणाचं रेशीम, आरसा. नवरा-बायकोच्या मधून घोडेस्वार ये-जा करतात आणि कारकून त्यांची वाटखर्ची लिहून ठेवतो. मला विचाराल तर दरबारी सरदाराचं खासगी आयुष्य याच नोंदींत आहे. ते एका छताखाली घडत नाही, ते रस्त्यावरून निरोप्याच्या पिशवीतून जातं.

एमीची दोनच पत्रं उरली आहेत. एकात ती कारभाऱ्याला मेंढ्यांची लोकर विकून देणी भागवायला सांगते. नवरा घाईत निघून गेला, त्यामुळे त्याला विचारायचं राहिलं, असं लिहिते. म्हणजे जमिनीचा कारभार तीच पाहत होती आणि निर्णयही घेत होती. दुसरं पत्र २४ ऑगस्ट १५६० चं, लंडनच्या शिंप्याला: पाठवते आहे त्या मखमली झग्याला मागच्या तपकिरी तलम झग्यासारखीच कॉलर लाव, पैसे मी चुकते करीन. या पत्राला पंधरा दिवस झाले आणि ती गेली.

८ सप्टेंबर १५६०, रविवार. ॲबिंग्डनला जत्रा होती. एमीने सगळ्या नोकरांना हट्टाने जत्रेला पाठवलं. परत आल्यावर जिन्याच्या तळाशी ती मरून पडलेली त्यांना दिसली. डडली विंडसरला राणीपाशी होता. आदल्याच दिवशी त्याने अर्ल ऑफ ससेक्सला लिहिलं होतं की आयर्लंडहून जोरात दौडणारे घोडे पाठवा, राणी त्यांना भरधाव पळवते, मला भीती वाटते, पण ती ऐकत नाही.

त्याने मारलं का? माझं उत्तर: मारल्याचा पुरावा नाही, आणि खून करून त्याचा काही फायदाही झाला नसता. बायको संशयास्पद रीतीने मेली तर राणीशी लग्न अशक्य होणार, हे त्याच्यासारख्या माणसाला न कळण्याजोगं नव्हतं. झालंही तसंच. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांचा मूळ लॅटिन अहवाल २००८ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला. मान मोडलेली, डोक्याला दोन जखमा, एक साधारण पाव इंच खोल आणि दुसरी दोन इंच. निर्णय अपघाताचा. दोन इंचांची जखम पाहून खुनाच्या बाजूचे लोक पुन्हा उभे राहिले. पण दगडी जिन्याची कडही तेवढी जखम करू शकते. स्पॅनिश वकिलाने १५५९ मध्येच तिच्या स्तनाला काही विकार असल्याचं लिहिलं होतं. त्यावरून १९५६ मध्ये एका शल्यविशारद प्राध्यापकाने मांडलं की कर्करोगाने हाडं ठिसूळ होऊन थोड्या धक्क्यानेही मान मोडू शकते. आत्महत्येची शंकाही जुनीच. निराशेतून सोडव अशी देवाची प्रार्थना करताना मी बाईसाहेबांना ऐकलं आहे, असं तिची दासी म्हणाली. आणि लगेच घाबरून, माझ्या बोलण्याचा भलता अर्थ काढू नका, असंही म्हणाली. कॉलर बदलायला सांगणाऱ्या बाईने जीव दिला नसेल असं मला वाटतं. पण पंधरा दिवसांत माणसाचं मन कुठून कुठे जाईल, हे शिंप्याच्या पत्रावरून ठरवू नये.

नाटकासाठी याहून मोलाचं आहे ते डडलीचं दुसऱ्या दिवशीचं पत्र, आपला माणूस टॉमस ब्लाउंट याला लिहिलेलं. दुर्दैव एवढं मोठं आणि अचानक की चैन पडत नाही. दुष्ट जग काय बोलेल. पंच म्हणून समजूतदार, वजनदार माणसं निवडा, कुणाची भीड धरू नका, सत्य शोधा. बायकोसाठी हळहळीचा एक शब्द नाही. यावरून त्याला निर्दय ठरवणं सोपं आहे. मी हे पत्र कितीदा वाचलं, आणि दरवेळी मला त्यात तीन पिढ्या फासाच्या सावलीत वाढलेला माणूस दिसतो. त्याला आधी अफवाच ऐकू येते. रडणं असेल तर ते कागदाबाहेर राहिलं. २२ सप्टेंबरला एमीला ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे तो हजर नव्हता.

पुढची अठरा वर्षं तो विधुर राहिला. राणीने त्याला केनिलवर्थचा किल्ला दिला, १५६४ मध्ये अर्ल ऑफ लेस्टर केलं. त्या समारंभात तो गंभीरपणे गुडघे टेकून बसला असताना राणीने त्याच्या मानेला गुदगुल्या केल्या, हे शेजारी उभ्या असलेल्या स्कॉटलंडच्या वकिलाने, जेम्स मेल्व्हिलने, लिहून ठेवलं आहे. ती त्याला 'डोळे' म्हणायची. तो पत्रांत भुवया काढलेली दोन वर्तुळं सहीसारखी वापरायचा. पण लग्नाचं नाव निघालं की ती मागे सरायची, आणि त्याने दुसरीकडे लग्न केलेलं तिला खपणार नव्हतं. सरदारांचं लग्न ही तिच्या दृष्टीने मर्जीची बाब होती. वॉल्टर रॅलेने गुपचूप लग्न केलं, तो १५९२ मध्ये बायकोसकट टॉवरमध्ये गेला. अर्ल ऑफ साउथॅम्प्टनला १५९८ मध्ये त्याच कारणाने तुरुंग दिसला.

या काळातलं लेस्टरचं एक लांबलचक पत्र तुमच्या नाटकातला मोठा प्रवेश ठरेल. पत्रावर नाव नाही, पण ते लेडी डग्लस शेफील्डला असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. डग्लस तरुण विधवा होती आणि लग्नाचा आग्रह धरत होती. तो लिहितो की मी सुरुवातीलाच सगळं स्पष्ट सांगितलं होतं. लग्न केलं तर जिची मर्जी जाईल, ती मर्जी गमावण्यापेक्षा जन्मभर बायको नसलेली मला चालेल. आणि लगेच पुढे: त्या मर्जीखालोखाल जगात मला काही हवं असेल तर मागे मूल ठेवून जाण्याची आशा, कारण आमच्या घराण्याचा वंश चालवणारा मी शेवटचा उरलो आहे. प्रेमपत्र म्हणावं तर त्यात नकार आहे, नकार म्हणावा तर माया आहे. दुसरं चांगलं स्थळ आलं तर अडवणार नाही, असंही तो तिला सुचवतो. १५७४ च्या ऑगस्टमध्ये डग्लसला त्याच्यापासून मुलगा झाला. त्याचंही नाव रॉबर्ट. लेस्टरने त्याला औरस मानलं नाही, पण वाढवला, शिकवला, आणि मृत्युपत्रात भावामागून केनिलवर्थ त्यालाच ठेवलं.

केनिलवर्थबद्दल थोडं. ते त्याचं 'घर' म्हणून दाखवलंत तर चूक होईल. जुलै १५७५ मध्ये राणी तिथे एकोणीस दिवस राहिली. नव्या इमारतीतल्या उंच खिडक्यांच्या खोल्या तिच्यासाठी होत्या. संगमरवरी कारंजं आणि पक्ष्यांचं मोठं दालन असलेली बाग तिच्यासाठी होती. सर्वांना तिथे प्रवेश नव्हता. राणी शिकारीला गेली असताना एड्रियन नावाच्या माळ्याने एका दरबारी नोकराला हळूच आत सोडलं, म्हणून त्या बागेचं वर्णन आपल्याला मिळालं. यजमान आपल्याच घरात पाहुण्याच्या सेवेला उभा होता. त्याच पाहुण्यांत लेटिस नोलिसही होती. ती राणीच्या नात्यातली, अर्ल ऑफ एसेक्सची बायको. तिचा नवरा १५७६ मध्ये डब्लिनला हगवणीने वारला.

२१ सप्टेंबर १५७८, वॉन्स्टेड, लंडनजवळचं लेस्टरचं घर. सकाळी लवकर, मोजक्या पाच-सहा साक्षीदारांपुढे लेस्टरने लेटिसशी लग्न केलं. मुलीचे वडील, सर फ्रान्सिस नोलिस, समोर उभे होते. लग्न लावणारे धर्मगुरू हम्फ्री टिंडल यांनी १५८१ मध्ये शपथेवर जबानी दिली, तीत नवरीने सैल झगा घातला होता असं सांगितलं. त्यावरून ती गरोदर होती असा तर्क निघतो. मी तो पक्का धरणार नाही. राणीला कळल्यावर लेटिसला दरबार बंद झाला, तो जवळजवळ जन्मभर. लेस्टरवरचा राग काही महिन्यांनी निवळला. तो पुन्हा राणीजवळ, बायको पुन्हा दूर. एमीच्या वेळचीच मांडणी. फक्त लेटिस ही दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहणारी बाई नव्हती.

जून १५८१ मध्ये त्यांना मुलगा झाला, लॉर्ड डेनबी. ज्याची आशा त्या जुन्या पत्रात होती तो हा. १९ जुलै १५८४ ला तो वॉन्स्टेडला वारला, तीन वर्षांचा. लेस्टर त्या वेळी नॉनसच राजवाड्यात दरबाराबरोबर होता. तो राणीचा निरोपही न घेता बायकोकडे निघून गेला, आणि मागे राणीच्या मर्जीतला दरबारी क्रिस्टोफर हॅटन याला रदबदली करायला लावली. हॅटनच्या सांत्वनाच्या पत्राला त्याने दिलेलं उत्तर उरलं आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ दुःखं सोसली, पण याहून मोठं नाही, असं तो म्हणतो. आयुष्यभर निरोपे पाठवणारा माणूस त्या दिवशी स्वतः घोड्यावर बसला. तुम्ही विचारलंत, तो घरी कधी जायचा. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर हे आहे. वॉरिकच्या चर्चमध्ये त्या मुलाची समाधी आहे, लांब झग्यातला निजलेला लहानगा. शिलालेखात त्याला 'नोबल इंप' म्हटलं आहे. त्या काळच्या इंग्रजीत 'इंप' म्हणजे झाडाचा कोंब.

नाटकात राणीला खलनायिका करू नका, ही माझी विनंती. १५७७ मध्ये लेस्टर पोटाच्या तक्रारींसाठी बक्स्टनच्या झऱ्यांवर गेला, तेव्हा त्याच्या यजमानांसाठी तिने लिहिवलेल्या पत्राचा मसुदा पाहा. त्याला रोज दोन औंसच मांस द्या, पिंटाचा विसावा भाग वाइन द्या, झऱ्याचं पाणी हवं तेवढं. आणि सणाच्या दिवशी, त्याच्या इतमामाला शोभेल असं, दुपारी चिमुकल्या रेन पक्ष्याचा खांदा आणि रात्री त्याच पक्ष्याची तंगडी. त्याचं सुटलेलं पोट, त्याचं पथ्य, त्याचा हट्ट हे सगळं तिला घरच्या माणसासारखं माहीत होतं. २९ ऑगस्ट १५८८ ला, स्पॅनिश आरमाराचं संकट टळल्यावर, रायकोटहून त्याने तिला लिहिलं: तब्येत कशी आहे, तुम्ही दिलेलं औषध घेतो आहे, दुसऱ्या कशाहूनही त्याने बरं वाटतं. ४ सप्टेंबरला कॉर्नबरीला तो गेला. त्या कागदावर तिने 'त्याचं शेवटचं पत्र' असं लिहून तो मरेपर्यंत जवळ ठेवला. त्याने मृत्युपत्रात तिला सहाशे मोत्यांची माळ ठेवली होती. आणि त्याच राणीने त्याच्या कर्जासाठी विधवेमागे तगादा लावला. दोन्ही खरं आहे, दोन्ही दाखवा.

त्या कर्जापायी घराघरांतल्या चीजवस्तूंच्या याद्या झाल्या, आणि त्याच्या हयातीतल्या केनिलवर्थच्या याद्याही आहेत. रंगमंचावर पलंग, गालिचे, पडदे काय ठेवायचे हे कल्पनेने ठरवू नका, त्यातून घ्या. पलंगांच्या पडद्यांवर अस्वल आणि काठी भरलेली असे, मेजांवर तुर्की गालिचे असत. आणि एक आबनुसाचा बुद्धिबळाचा पट आहे, स्फटिकाची घरं, चांदीची अस्वलं जडवलेला. तो पट मी पहिल्या प्रवेशात मांडला असता, आणि टॅमवर्थला तो पुसायला लावला असता.